रमजानचा बाजार : गरज, तलब आणि मागणी

रमजान सुरू झाला की दोन-चार दिवसांत मोबाईलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. मजकूर थोडाफार बदलतो, सूर तोच असतो. 'फळवाले रोजेदारांना लुटत आहेत. कालपर्यंत तीस रुपयांना मिळणारे कलिंगड आज चाळीस रुपयांवर गेले. तीन दिवस कोणीही फळ घेऊ नका, यांना धडा शिकवा.' काही संदेशांत पुढे असेही असते की, इतर लोक आपापल्या सणात सवलती देतात आणि आपलेच लोक आपल्याला लुटतात.

संदेश पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. महागाईचा त्रास खरा आहे, आणि तो सर्वांत जास्त गरिबाला होतो हेही खरे आहे. पण हा राग हातगाडीवर निघतो, आणि तिथे तो निघू नये असे मला वाटते. बाजारात भाव कसा ठरतो, त्यात मागणी काय काम करते, हे थोडे शांतपणे पाहिले तर रमजानच्या महागाईत आपला स्वतःचा वाटा किती आहे आणि आपल्या हातात काय आहे, हे दोन्ही दिसते.

आधी शब्दांपासून सुरुवात करतो, कारण घोटाळा तिथेच आहे. उर्दूत अर्थशास्त्र शिकवताना मागणीला 'तलब' आणि पुरवठ्याला 'रसद' म्हणतात. मराठीत हे दोन्ही शब्द आहेत, पण वेगळ्या अर्थाने. 'चहाची तलब आली' म्हणजे फक्त इच्छा झाली. 'रसद तुटली' म्हटले की सैन्याचा दाणागोटा आठवतो. आणि 'मागणी' हा शब्द तर 'मागणे' यावरूनच आलेला. दारात येऊन भाकरी मागणारा माणूसही मागतोच. पण अर्थशास्त्राच्या हिशोबात तो मागणी करत नसतो. तिथे मागणी होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : वस्तूची इच्छा, ती घेण्याइतके पैसे आणि ते पैसे खर्च करण्याची तयारी. तिन्हींपैकी एक जरी नसेल तर मागणी होत नाही.

म्हणजे ज्याला भूक आहे पण खिशात पैसे नाहीत, त्याची भूक बाजाराच्या वहीत लिहिलीच जात नाही. बाजाराला गरज दिसत नाही, मागणी दिसते. ही ओळ मी मुलांना पाठ करायला सांगत नाही, पण समजून घ्यायला नक्की सांगतो. पुढचे सगळे यावरच उभे आहे.

आता एका गल्लीतली चार घरे धरू. आकडे माझे, समजण्यापुरते. पहिले घर दुकानदाराचे, दुसरे नोकरदाराचे, तिसरे रिक्षाचालकाचे आणि चौथे धुणीभांडी करून मुले वाढवणाऱ्या विधवा बहिणीचे. शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, कलिंगड तीस रुपये किलो आहे. आठवड्याला पहिले घर चार किलो घेते, दुसरे तीन, तिसरे दोन आणि चौथे एक. एकूण दहा किलो. गल्लीत येणारा मालही दहा किलोच आहे. सगळे विकले जाते, कोणी रिकाम्या हाताने परत जात नाही. बाजाराची मागणी म्हणतात ती हीच : प्रत्येक घर त्या भावाला किती घेईल, त्याची बेरीज.

भाव वाढला तर लोक कमी घेतात, भाव उतरला तर जास्त घेतात. कलिंगड महाग वाटले तर माणूस खरबुजाकडे किंवा केळ्यांकडे वळतो, किंवा तेवढ्याच पैशात कमी घेऊन भागवतो. हा मागणीचा साधा नियम. पण रमजानमध्ये घडते ते याहून वेगळे आहे. भाव तोच असतानाही सगळ्यांना जास्त हवे असते. दिवसभराचा रोजा, इफ्तारचा दस्तरखान, पाहुणे, मशिदीत पाठवायचे ताट. समजा तीस रुपये भावाला आता पहिल्या घराला सात किलो हवे, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार. चौथ्या घरात जास्त पैसे आलेले नाहीत, तिला एकच परवडते. बेरीज झाली अठरा किलो. व्यापाऱ्यांनीही रमजान ओळखून जास्त माल आणला आहे, दहाऐवजी तेरा किलो. तरी पाच किलो कमी पडतात.

मग भाव चढू लागतो. चाळीस रुपयांवर पहिले घर सहा किलोंवर येते, दुसरे पाचवर, तिसरे दोनवर. सहा, पाच आणि दोन, तेरा झाले. माल तेरा, मागणी तेरा. भाव चाळीसवर थांबला.

चौथ्या घराचे काय झाले? शाबानमध्ये जी बहीण आठवड्याला एक किलो कलिंगड मुलांना खाऊ घालत होती, ती रमजानमध्ये शून्यावर आली. रोजा तिचाही आहे, तिच्या मुलांचाही आहे. तिची गरज कमी झाली नाही, उलट वाढली. पण चाळीस रुपये भावाला तिची मागणी उरली नाही. तिला बाजूला कोणी सारले? फळवाल्याने तर तिच्याकडून काहीच घेतले नाही. तिला बाजूला सारले ते वरच्या तीन घरांच्या वाढलेल्या मागणीने. त्यांच्यातही कोणी वाईट नाही. प्रत्येकाने आपापल्या दस्तरखानाचा विचार केला, आणि बेरीज अशी निघाली.

इथे कोणी म्हणेल, 'पण हातगाडीवाल्याने तीसलाच विकायला काय हरकत होती?' त्याच्या बाजूने पाहू. तो पहाटे मार्केट यार्डात जातो. तिथे आडत्याकडे बोली लागते. शहरभरचे फळवाले त्याच मालावर बोली लावत असतात, कारण सगळ्यांच्या गिऱ्हाइकांना आज जास्त हवे आहे. म्हणजे त्याची खरेदीच महाग झालेली असते. मग तो आपल्या मोहल्ल्यात येऊन मशिदीच्या रस्त्यावर उभा राहतो, तर तिथे आधीच पंधरा-वीस गाड्या लागलेल्या असतात. सगळ्यांकडे तेच फळ. त्याने चाळीसऐवजी पन्नास म्हटले तर गिऱ्हाईक दोन पावले पुढे जाईल. तीस म्हटले तर गाडी तासाभरात रिकामी होईल, पण भांडवलही बुडेल, आणि मालाची टंचाई काही मिटणार नाही. स्पर्धेच्या बाजारातला एकटा विक्रेता असा असतो : भाव तो ठरवत नाही, चालू भाव स्वीकारतो. गिऱ्हाईकही तसाच. मी एकट्याने कलिंगड घेतले नाही तर भाव एक पैशाने हलत नाही. भाव हजारो जणांच्या घेण्या-विकण्यातून ठरतो, म्हणून तो कोणाच्याच हातचा वाटत नाही आणि राग मात्र समोर उभ्या असलेल्या माणसाचा येतो.

याचा पुरावा रोज संध्याकाळी आपल्या डोळ्यांसमोर असतो. असरच्या नमाजनंतर रस्ता तुडुंब भरतो. सगळ्यांना त्याच एका तासात फळ हवे असते, आणि तेव्हा कोणी घासाघीसही ऐकत नाही. मगरिबची अजान झाली की रस्ता ओस पडतो. तरावीहच्या वेळेला तोच माणूस तेच फळ कमी भावात हाका मारून विकतो, कारण कापलेले टरबूज आणि पिकलेली पपई उद्यापर्यंत थांबत नाही. दोन-तीन तासांत ना त्याचा खर्च बदलला, ना त्याची नियत. बदलली ती आपली मागणी.

मग बाजारात लूट होतच नाही का? होते. आणि तिच्याकडे बोट दाखवायलाच हवे. पण ती कुठे असते हे नीट ओळखले पाहिजे. दीनने हा फरक फार बारकाईने केलेला आहे. मदीनेत एकदा भाव चढले, तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना भाव बांधून देण्याची विनंती केली. हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, प्रेषितांनी (स.) ते नाकारले. भावाचा चढउतार अल्लाहच्या हाती आहे, आणि कोणाच्या जान-मालावर जुलूम केल्याचा दावा माझ्यावर नसावा, अशा अवस्थेत मला अल्लाहला भेटायचे आहे, असा त्याचा भाव आहे. पण त्याच प्रेषितांनी (स.) साठेबाजी करणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. शहरात येणाऱ्या व्यापारी काफिल्याला वाटेतच गाठून, बाजारभाव कळायच्या आत त्याचा माल विकत घेण्यास मनाई केली. घ्यायचे नसताना खोटी बोली लावून भाव फुगवणे हराम ठरवले. मापात पाप करणाऱ्यांवर तर कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे.

मला यात एक सरळ रेषा दिसते. मोकळ्या बाजारात, खऱ्या मागणी-पुरवठ्यातून चढलेल्या भावाला हात लावला नाही. पण बाजार मोकळा राहू न देणाऱ्याला सोडलेही नाही. इमाम इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांनी पुढे हेच उलगडून सांगितले. माल कमी झाल्याने किंवा घेणारे वाढल्याने भाव वाढला, तर तो विक्रेत्याचा जुलूम नव्हे. पण लोकांना गरज असताना माल अडवून ठेवला आणि जादा भावाशिवाय विकायला नकार दिला, तर सत्तेने त्याला रास्त भावात विकायला लावावे. त्यांच्यानंतर काही दशकांनी इब्न खल्दून (१३३२–१४०६) यांनी आपल्या 'मुकद्दिमा'त शहरांच्या भावांचे निरीक्षण नोंदवले. मोठ्या शहरात धान्यासारख्या आवश्यक वस्तू स्वस्त असतात, कारण त्यांचा पुरवठा भरपूर असतो. चैनीच्या वस्तू महाग होतात, कारण संपन्न लोकांची मागणी त्यांच्यावर तुटून पडते. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड मार्शल यांचे अर्थशास्त्रावरचे प्रसिद्ध पुस्तक १८९० साली आले. त्याच्या पाचशे वर्षे आधी हे लिहिले गेले होते.

म्हणून बोट दाखवायचे तर वजनकाट्यात खोट करणाऱ्याकडे दाखवा. खजुराचा माल गोदामात दाबून ठेवणाऱ्याकडे दाखवा. सडके फळ तळाशी घालून वर ताजे रचणाऱ्याकडे दाखवा. वीस गाड्यांच्या गर्दीत चालू भावाने विकणारा हातगाडीवाला यांत बसत नाही. बहुतेक वेळा तो स्वतःच त्या चौथ्या घरातला असतो.

आता बहिष्काराचे पाहू. पाकिस्तानात कराचीतून सुरू झालेली अशी मोहीम २०१७ च्या रमजानमध्ये, २ ते ४ जून असे तीन दिवस, फार गाजली. फळ खरेदी थांबवा, भाव पडतील, असे आवाहन समाजमाध्यमांवरून झाले. तेव्हा तिथेही विचारले गेले की, यात मरणार कोण? मोठा व्यापारी की हातगाडीवाला? प्रश्न बरोबर होता. अचानक मागणी थांबली तर भाव पडतो, हे खरेच. पण त्या दिवशीचा माल हातगाडीवाल्याने पहाटेच उसनवारीने विकत घेतलेला असतो. फळ नाशवंत आहे, ते तीन दिवस थांबणार नाही. तोटा त्याच्या गाडीवर पडतो. आणि चौथ्या दिवशी सगळे पुन्हा एकदम बाजारात आले की मागणी होती तिथेच परत येते, भावही परत येतो.

बहिष्काराची चव आपल्याला वेगळ्या प्रकारेही माहीत आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनच्या काळात, मुस्लीम भाजीवाल्या-फळवाल्यांकडून काही घेऊ नका, असे संदेश देशात अनेक ठिकाणी फिरले. दोन्ही बहिष्कारांचे कारण एक नाही, त्यांना एका पारड्यात मी टाकत नाही. एक द्वेषातून आला, दुसरा महागाईच्या वैतागातून येतो. पण गाडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही वेळा संध्याकाळी माल तसाच उरतो. ज्यांनी ते सोसले, त्यांनी हे हत्यार उचलताना दहा वेळा विचार करावा.

मागणीची आणखी एक बाजू आहे, जी मोबाईलवरच्या संदेशात कधी येत नाही. आपली मागणी फक्त भाव चढवत नाही, ती शेतकऱ्यापर्यंतही पोहोचते. कलिंगड लागवडीपासून साधारण सत्तर ते नव्वद दिवसांत निघते. महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी, त्यातले बहुसंख्य मुस्लीम नाहीत, रमजानची तारीख पाहून कलिंगड आणि खरबुजाची लागवड करतात. रोजेदाराच्या इफ्तारवर त्यांच्या घरातले लग्न आणि मुलांची फी अवलंबून असते. २०२० चा रमजान २५ एप्रिलला सुरू झाला तेव्हा बाजार बंद, वाहतूक अडलेली, मशिदीतले इफ्तार बंद. रोजे तेवढेच होते, पण बाजारातली मागणी कोसळली, आणि कलिंगडे शेतात पडून राहिली. चांद्र वर्षामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०३० मध्ये तर जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस असा तो एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. थंडीत कलिंगड कमी असेल. तेव्हा 'इफ्तार म्हणजे कलिंगड' हा हट्ट धरला तर भाव आणखी चढेल. संत्री, पेरू, बोरे यांच्याकडे वळलो तर चढणार नाही. हे वळणेही मागणीच आहे.

सगळ्याच वस्तूंची मागणी अशी वळत नाही, हेही लक्षात ठेवावे. ईदच्या आदल्या रात्री दुधाला पर्याय नसतो. शीरखुर्मा सरबतात होत नाही. सुट्या दुधाचा भाव कितीही सांगितला तरी लोक घेतात. पिशवीच्या दुधावर किंमत छापलेली असते, तिथे भाव चढत नाही, मग टंचाई रांगेत दिसते आणि शेवटी येणाऱ्याला दूध मिळत नाही. भाव रोखला म्हणून कमतरता नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्या दाराने येते.

मग करायचे काय? पुन्हा त्या चार घरांकडे जाऊ. तीस रुपये भावाला पहिल्या घराला सात किलो हवे होते. समजा ते पाच किलोंवर थांबले, दुसरे सहाऐवजी चारवर, तिसरे चारऐवजी तीनवर. चौथ्या बहिणीचे एक. बेरीज तेरा. माल तेराच आहे. भाव तीसवरच राहिला, आणि तिच्या मुलांच्या इफ्तारात कलिंगड आले. बघा, वरच्या तिन्ही घरांनी शाबानपेक्षा जास्तच खाल्ले. उपाशी कोणी राहिले नाही. फक्त हाव थोडी आवरली, आणि रोजा तर त्यासाठीच असतो.

अडचण एवढीच की, एका घराने आवरून भाव हलत नाही. हे मोहल्ल्याने मिळून करावे लागते, आणि बहिष्कारासारखे एका रात्रीत नव्हे. मशिदीतल्या इफ्तारचा बेत कमिटीने महिनाभर आधी ठरवावा. ताटे मोजकी ठेवावीत, इफ्तारनंतर उरलेले फळ कचऱ्यात जाणार नाही एवढी तरी. जुम्ह्याच्या बयानात इमाम साहेबांनी उधळपट्टीवर दोन शब्द बोलावेत. खजूर टिकतो, तो आधीच घेऊन ठेवता येतो. खरेदी असरनंतरच्या एका तासात न करता सकाळी करता येते. मागणी अशी पसरली की व्यापारी आणि हातगाडीवाला दोघेही तिच्या बेताने माल आणतात, आणि कोणाचा माल सडत नाही.

दुसरी गोष्ट मात्र प्रत्येक घर एकट्याने करू शकते, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. चौथ्या घराच्या हातात पैसे द्या. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळावरच्या पुस्तकात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास आहे. लाखो माणसे उपासमारीने मेली. सेन यांनी मांडले की, त्या वर्षी बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते. युद्धाच्या खर्चामुळे काहींच्या हाती पैसा आला, भाव भडकले, आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मजुरी त्या भावाला पुरेना. त्यांची भूक होती, मागणी नव्हती. आपल्या गल्लीतले चौथे घर म्हणजे त्याच हिशोबाचे छोटे रूप आहे.

जकात हे याचे उत्तर आहे. शिल्लक संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा हकदाराच्या हाती गेला की त्याची गरज मागणी बनते आणि बाजाराला ती दिसू लागते. आज आपल्याकडे जकातीचा बराच भाग रमजानच्या रेशन किटमध्ये जातो : तांदूळ, डाळ, तेल, साखर, शेवया. देणाऱ्यांच्या नियतीबद्दल मला आदर आहे. पण एकाच घरात चार किट येतात आणि औषधाला पैसे नसतात, असे होते. किट देणारा ठरवतो की तुझी गरज काय. हातात पैसे दिले तर ती बहीण स्वतः ठरवते : कलिंगड, दूध, मुलीची वही की घराचे भाडे. ती बाजारात मागणारी राहत नाही, गिऱ्हाईक होते. शक्य असेल तर हे पैसे शाबानमध्येच द्यावेत, भाव चढायच्या आधी. फित्राही ईदच्या सकाळची वाट न पाहता दोन-तीन दिवस आधी पोहोचवला, तर तिचे दूध शेवटच्या रांगेत अडकणार नाही.

यात एक कडू घोट आहे, तो लपवत नाही. चौथ्या घराकडे पैसे आले आणि माल तेवढाच असला, तर भाव आणखी थोडा चढेल. तिच्या वाट्याला आलेले किलोभर कलिंगड वरच्या घरांपैकी कोणाच्या तरी ताटातून जाईल. होऊ दे. जकात म्हणजे नुसते पैसे देणे नव्हे, आपल्या ताटातला वाटा खरोखर दुसऱ्याच्या ताटात जाणे, हा तिचा बाजारातला अर्थ आहे.

येत्या रमजानमध्ये तो संदेश तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका. त्याऐवजी आपल्या गल्लीतले चौथे घर कोणते ते शोधा आणि चाँद दिसण्याच्या आत तिथे जा. अल्लाह आपल्या सर्वांचे रोजे कबूल करो.